मतदार-ओळख व नावांतील विसंगती

मतदानासाठी उपस्थित झालेली व्यक्ती आणि मतदारयादीतील विशिष्ट नोंद ज्या व्यक्तीची आहे ती व्यक्ती एकच होय, अशी खात्री करून घेण्याच्या कार्यपद्धतीस मतदार-ओळख असे म्हणतात. एकाच व्यक्तीचे नाव शाळेचा दाखला, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे खातेपुस्तक, मतदारयादी इ. कागदपत्रांत निरनिराळ्या रीतींनी नोंदलेले असल्यास त्यास नावांतील विसंगती म्हणता येईल. ह्या दोहोंचा संबंध प्रथमदर्शनी किरकोळ, लेखनिकी स्वरूपाचा वाटतो. परंतु स्वतंत्र भारतातील पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लक्ष स्त्रियांचा मताधिकार केवळ नावाच्या नोंदीमुळे हुकला. कायद्याने नाव हे व्यक्ती ओळखण्याचे एक साधन मानले. व्यवहारात मात्र ते वारंवार अधिकाराची अट बनत गेले. ह्या अंतराचा इतिहास नागपुरात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. कारण पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत हे शहर तीन निरनिराळ्या राज्यांत होते आणि तेथील कागदपत्रे मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांतून लिहिली जात आली आहेत.

नावाची जुनी नोंदपद्धती : मराठी मुलखातील महसुली व न्यायालयीन कागदपत्रांत व्यक्तीची ओळख एकट्या नावाने क्वचितच होत असे, नाते सांगणारा शब्द नावाला जोडावा लागे. पश्चिम महाराष्ट्रात पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वलद’ लिहून पित्याचे नाव येई व विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लिहून पतीचे नाव येई. नागपूरसह मध्य प्रांताच्या दप्तरांत ह्यासाठी ‘वल्द’, ‘जौजे’ व विधवेकरिता ‘बेवा’ हे शब्द रूढ होते. एकाच माणसास दोन नावे असल्यास मध्ये ‘ऊर्फ’ घालून दोन्ही लिहीत. ही पद्धत ओबडधोबड असली, तरी एका माणसाला एकाहून अधिक नावे असू शकतात, हे तिने गृहीत धरले होते. आधुनिक छापील नमुन्यांत ‘ऊर्फ’ला रकाना उरला नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव हा जो तीन घटकांचा साचा आज मराठी नावाचा स्वाभाविक साचा मानला जातो, तो शाळेचे दप्तर, नोकरीचे पुस्तक व न्यायालये ह्यांच्या द्वारा एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत हळूहळू स्थिर झाला. खेड्यांत आणि कष्टकरी वर्गांत आडनावाची नोंद त्यानंतरही कित्येक दशके अनिश्चितच राहिली.

स्वातंत्र्यपूर्व काळ : ब्रिटिश अमदानीत मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण ह्यांवर आधारलेला असल्याने मतदारांची संख्या अल्प होती आणि त्यांची नावे करआकारणीच्या किंवा महसुलाच्या दप्तरांतून घेता येत. ओळखीचा प्रश्न त्यामुळे फारसा बिकट नव्हता. १९३५च्या भारत सरकार कायद्याने मताधिकार वाढविला व अनेक प्रांतांत पतीच्या पात्रतेच्या आधारे त्याच्या पत्नीस किंवा विधवेस मत मिळाले. काही ठिकाणी त्यासाठी तिने स्वतः अर्ज करणे आवश्यक होते. स्त्रीचा राजकीय अधिकार अशा रीतीने पतीच्या नावातून उद्भवलेला होता. पुढे प्रौढ मताधिकाराच्या यादीत ‘अमक्याची पत्नी’ ह्या नोंदी सरकारी दप्तरांस फारशा विचित्र वाटल्या नाहीत, ह्याचे एक कारण ह्या कायद्यात शोधावयास हरकत नाही.

पहिली मतदारयादी : संविधान अंमलात येण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, संविधानसभेच्या सचिवालयाने प्रांतांना प्रौढ मताधिकारानुसार याद्यांचा मसुदा तयार करण्यास सांगितले. एकवीस वर्षे पूर्ण झालेली आणि ३१ मार्च १९४८ रोजी संपलेल्या वर्षात किमान १८० दिवस त्या ठिकाणी राहिलेली व्यक्ती नोंदणीस पात्र ठरावयाची होती. फाळणीमुळे आलेल्या निर्वासितांना ही निवासाची अट पाळणे शक्य नव्हते. तेथेच कायम राहण्याचा इरादा आहे, एवढे निवेदन त्यांनी केल्यास त्यांची नावे तूर्त नोंदवावीत, असे ठरले. ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा हा निर्णय त्या गोंधळाच्या काळात घेतला गेला, हे विशेष होय. एकूण सुमारे १७ कोटी ३२ लक्ष मतदारांची नोंद झाली.

ही उदारता स्त्रियांच्या बाबतीत मात्र अपुरी पडली. उत्तरेकडील अनेक भागांत स्त्रिया परपुरुषास स्वतःचे नाव सांगत नसत. नोंदणी करणाऱ्या कारकुनांनी मग ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशा नोंदी केल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. मतदाराचे स्वतःचे नाव हा त्याच्या ओळखीचा आवश्यक भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. नावे दुरुस्त करून घेण्याची मोहीम काढण्यात आली व बिहारमध्ये त्यासाठी मुदतही वाढवून देण्यात आली. तरीही देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची खरी नावे मिळू शकली नाहीत आणि त्यांच्या नोंदी वगळण्यात आल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश ह्या राज्यांतील होत्या. सेन ह्यांच्या निर्णयाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नावाविना नोंद मान्य केली असती, तर कोणीही स्त्री कोणाचीही पत्नी म्हणून मत देऊ शकली असती. शिवाय स्त्रीला स्वतःचे नाव आहे हे राज्याने प्रथमच आग्रहाने सांगितले. त्या आग्रहाची किंमत मात्र ज्यांच्यासाठी तो होता त्या स्त्रियांनीच मोजली.

महाराष्ट्रात ही अडचण ह्या प्रमाणात उद्भवली नाही. मराठी नोंदपद्धतीत ‘जौजे’ किंवा ‘कोम’ ह्या शब्दांच्या आधी स्त्रीचे स्वतःचे नाव येतच असे. येथील संकोच वेगळा होता : स्त्री स्वतःचे नाव सांगे, पण पतीच्या नावाचा उच्चार करणे तिला प्रशस्त वाटत नसे. उखाण्याची प्रथा ह्याच संकोचातून वाट काढते. नोंदणी कारकुनासमोर उखाणा घेण्याची सोय नसल्याने पतीचे नाव बहुधा शेजारीण, दीर किंवा मुलगा सांगे, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी जे रूप असेल तेच यादीत उतरे.

तीन राज्यांतील नागपूर : १९५१–५२च्या निवडणुकीच्या वेळी नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती व तेथील राज्यकारभार हिंदी व मराठी ह्या दोन्ही भाषांत चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ची निवडणूक त्या राज्यात झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतरची १९६२ची निवडणूक ही नागपूरची महाराष्ट्रातील पहिली सार्वत्रिक निवडणूक होय. ज्या निवडणुकीत २८ लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या, त्याच निवडणुकीत नागपूरने अनसूयाबाई काळे ह्यांना लोकसभेवर निवडून दिले. १९५७ मध्येही त्या पुन्हा निवडून आल्या. १९३७ नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्षपदीही त्या होत्या. अनसूया हे नाव विदर्भात अनुसया, अनुसूया असेही बोलले व लिहिले जाते. नामवंत व्यक्तीच्या बाबतीत असे पाठभेद निरुपद्रवी असतात. सामान्य मतदाराच्या बाबतीत मात्र ते तसे असतातच असे नाही.

कायद्यातील तरतुदी : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० हा मतदारयादीविषयी व लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ हा प्रत्यक्ष निवडणुकीविषयी आहे. ज्याचे नाव त्या त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला मत देण्याचा अधिकार आहे, हे १९५१च्या कायद्याच्या ६२व्या कलमाचे मूलसूत्र होय. ओळखीचा तपशील निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये दिला आहे. त्यातील ३५वा नियम, तसेच मतदानयंत्राच्या संदर्भात नंतर समाविष्ट केलेला ४९-एच हा नियम, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मतदारास ओळखण्याच्या कामी केंद्राध्यक्ष आपल्या साहाय्यार्थ योग्य त्या व्यक्ती नेमू शकतो. समोरची व्यक्ती नोंदीतीलच आहे अशी त्याची खात्री झाल्यास, नोंदीतील केवळ लेखनिकी किंवा मुद्रणाच्या चुकांकडे त्याने दुर्लक्ष करावे, अशी ह्या नियमांत स्पष्ट आज्ञा आहे. म्हणजे पाहावयाची ती व्यक्तीची एकता, अक्षरांची नव्हे. यादीत ‘वामन’ आणि कार्डावर ‘वामनराव’ असल्यास मत नाकारण्यास ह्या नियमान्वये आधार नाही. मतदारांना ह्या नियमाची माहिती क्वचितच असते आणि केंद्रावरील कर्मचारीही गर्दीच्या वेळी त्याचा आधार घेण्यास कचरतात.

ओळखीविषयी आक्षेप घ्यावयाचा झाल्यास उमेदवाराच्या मतदान-प्रतिनिधीने प्रत्येक आक्षेपासाठी दोन रुपये अनामत भरावी लागते. केंद्राध्यक्ष संक्षिप्त चौकशी करून निर्णय देतो. आक्षेप निरर्थक किंवा सद्भावनारहित ठरल्यास ही रक्कम जप्त होते. आपल्या नावावर दुसऱ्यानेच आधी मत दिले आहे असे आढळल्यास खऱ्या मतदारास निराळी मतपत्रिका मिळते. तीवरील मताला प्रदत्त मत म्हणतात व ते वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. सामान्य मोजणीत ते धरले जात नाही. राजस्थानातील नाथद्वारा विधानसभा मतदारसंघाचा २००८चा निकाल अवघ्या एका मताने लागला, तेव्हा प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०११ मध्ये त्यावर निर्णय झाला. तोतयेगिरी हा भारतीय दंड संहितेखाली गुन्हा होताच. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम ठेवण्यात आला आहे.

ओळखीच्या साधनांचे स्थित्यंतर : प्रारंभीच्या निवडणुकांत ओळख मुख्यतः तोंडओळखीवर अवलंबून होती. खेड्यात पटवारी, कोतवाल किंवा शिक्षक मतदारास ओळखीत. शहरात निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी हे काम करीत. कोणाचाही प्रतिनिधी हरकत घेत नाही, हाच मुख्य पुरावा असे. तर्जनीस लावण्याची न पुसली जाणारी शाई हे त्याला पूरक साधन होते. तिच्यातील रौप्य नायट्रेटामुळे त्वचेवर डाग उमटतो. १९६२ पासून तिचे उत्पादन म्हैसूर येथील सरकारी कारखान्यात होत आले आहे. शाईमुळे व्यक्ती कोण हे कळत नाही. तिने आधी मत दिले आहे की नाही, एवढेच कळते. नावाशी तिचा काहीच संबंध नाही. भारतीय निवडणुकीतील हे एकच साधन असे आहे, की जे निरक्षरास व साक्षरास सारखेच लागू पडते.

छायाचित्रासह ओळखपत्राची कल्पना दाट वस्तीच्या शहरांतील तोतयेगिरी रोखण्यासाठी पुढे आली. १९५८च्या दुरुस्तीने तिला कायद्याचा आधार मिळाला आणि कलकत्ता नैर्ऋत्य ह्या लोकसभा मतदारसंघाच्या १९६०च्या पोटनिवडणुकीत तिचा प्रयोग झाला. सुमारे दहा महिन्यांच्या खटपटीनंतर सुमारे ३ लक्ष ४२ हजार मतदारांपैकी सुमारे २ लक्ष १० हजारांनाच ओळखपत्रे देता आली. अनेक स्त्रियांनी परपुरुषाकडून छायाचित्र काढून घेण्यास नकार दिला आणि कित्येक मतदार घरी भेटलेच नाहीत. हा प्रयोग सोडून देण्यात आला. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये ओळखपत्रे वापरली गेली. पुढे ईशान्येकडील काही राज्यांतही ती आली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन ह्यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सर्व देशभर छायाचित्र ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला. ओळखपत्रांविना निवडणुका घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती टिकली नाही, परंतु ओळखपत्रांचे काम मात्र सुरू झाले. २००० साली हरयाणा विधानसभेच्या निवडणुकीत ओळखपत्र किंवा त्याऐवजी मान्य केलेला अन्य पुरावा दाखविणे प्रथमच आवश्यक करण्यात आले. २००९च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ पैकी ५२२ मतदारसंघांत छायाचित्रयुक्त याद्या होत्या. शेजाऱ्याच्या साक्षीची जागा अशा रीतीने कागदाने घेतली. तोतयेगिरी त्यामुळे अवघड झाली, ह्यात शंका नाही. पण शेजारी मतदाराला चेहऱ्याने ओळखीत असे आणि कागद त्याला अक्षरांनी ओळखतो, हा फरक त्याबरोबरच आला.

प्रतापनगर व तत्सम वस्त्या : नागपूरच्या नैर्ऋत्य भागातील प्रतापनगर ही निवासी वस्ती २००८च्या पुनर्रचनेत निर्माण झालेल्या नागपूर दक्षिण-पश्चिम विधानसभा मतदारसंघात मोडते. शहराच्या ह्या भागात विदर्भातील निरनिराळ्या गावांतून नोकरीनिमित्त आलेली व येथेच स्थायिक झालेली कुटुंबे मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा कुटुंबातील कर्त्या माणसाचा शाळेचा दाखला गावचा, शेतीचा सातबारा तालुक्याचा, सेवापुस्तक आणखी एखाद्या जिल्ह्याचे व मतदार-ओळखपत्र नागपूरचे असते. ह्या प्रत्येक कागदाचा लेखक निराळा आणि काळही निराळा. विसंगती ही येथे अपवाद नसून ओघानेच येणारी गोष्ट आहे. पत्त्याचीही तीच गत आहे : कोठे भूखंड क्रमांक लिहिलेला असतो, कोठे महापालिकेचा घर क्रमांक, तर कोठे नुसतेच लेआउटचे नाव.

विसंगतीचे सर्वांत मोठे कारण विवाह होय. महाराष्ट्रातील अनेक जातींत विवाहाच्या वेळी वधूचे आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदलण्याची प्रथा होती व काही प्रमाणात अजूनही आहे. वर ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहितो. काल्पनिक उदाहरण घ्यावयाचे, तर शाळेच्या दाखल्यावरील ‘कुंदा नामदेव ठाकरे’ शिधापत्रिकेवर ‘वैशाली प्रकाश देशमुख’ होते. तीन घटकांपैकी एकही समान राहत नाही. ह्या दोन्ही स्त्रिया एकच आहेत, हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. परंतु जुन्या पिढीतील असंख्य विवाहांची नोंदच झालेली नाही. माहेरच्या यादीतील नाव वगळले गेले नाही, तर ती दोन ठिकाणी मतदार दिसते आणि कायद्याने एका व्यक्तीस एकाच ठिकाणी नोंद ठेवता येत असल्यामुळे तिच्यावर दुबार नोंदणीचा संशय येतो. याउलट, माहेरचे नाव वगळले जाऊन सासरचे लागले नाही, तर तिला मतच उरत नाही. पतीचे नाव लावणे कायद्याने बंधनकारक नाही. तरीही कित्येक ठिकाणी ते विचारल्याविना लिहिले जाते.

दुसरे कारण आदरार्थी प्रत्ययांचे. ‘राव’, ‘जी’, ‘बाई’, ‘ताई’ हे नावाचे भाग आहेत की केवळ सन्मानाचे शब्द, ह्याचा निर्णय मराठी माणसाने कधी केला नाही व त्याची गरजही नव्हती. विदर्भात पित्याचे नाव ‘महादेवराव’ किंवा ‘महादेवजी’ असे सांगणे शिष्टसंमत आहे. नुसते ‘महादेव’ म्हणणे मुलाच्या जिभेवर येत नाही. तिसरे कारण लिपीचे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी उच्चारानुसार रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ ह्या अक्षरांनी सुरू होते व हिंदी उच्चारानुसार ‘जी-वाय’ने. नागपुरात दोन्ही उच्चार कानी पडत असल्याने एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन्ही रूपे सापडतात. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ तेथे एक होतात. १९९८ पासून याद्यांचे संगणकीकरण सुरू झाल्यानंतर रोमन लिपीतून देवनागरीत यंत्राने उलट लिप्यंतर होऊ लागले आणि काळ्यांचे काले होणे नित्याचे झाले. चौथी गोष्ट नावातील घटकांच्या क्रमाची. मराठी याद्यांत आडनाव प्रथम लिहिण्याचा प्रघात आहे, पारपत्रात आडनावाचा रकाना स्वतंत्र असतो आणि बँकेत बहुधा आडनाव शेवटी येते. शहरातील तेलुगू भाषिकांची नावे तर मूळच्या क्रमानेच आडनावापासून सुरू होतात. त्यांना हा मराठी साचा आणखी वेगळ्या रीतीने अडतो.

दुरुस्तीचे मार्ग : मतदारयादीत नव्याने नाव घालण्यासाठी सहा क्रमांकाचा नमुना, नोंदीस हरकत घेण्यासाठी किंवा ती वगळण्यासाठी सात क्रमांकाचा आणि दुरुस्तीसाठी आठ क्रमांकाचा नमुना असतो. २०२२ पासून निवासस्थान बदलल्याची नोंदही आठ क्रमांकाच्या नमुन्यातच होते. नाव औपचारिक रीत्या बदलावयाचे झाल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात तशी जाहिरात प्रसिद्ध करतात. परंतु राजपत्रातील प्रसिद्धीने इतर कोणताही कागद आपोआप बदलत नाही. प्रत्येक कार्यालयाकडे ते राजपत्र घेऊन स्वतंत्रपणे जावे लागते. शाळा सोडल्यानंतर शाळेच्या दप्तरातील नाव बदलणे सर्वांत अवघड. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये नावावरील व्यक्तीचा अधिकार हा तिच्या अभिव्यक्तीचा भाग मानून प्रमाणपत्रे दुरुस्त करण्याचा मार्ग मोकळा केला. आधारपत्रावरील नाव सामान्यतः दोनदाच बदलता येते. विवाह व त्यानंतर घटस्फोट अशा क्रमाने नाव दोनदा बदललेल्या स्त्रीला तिसऱ्या, निव्वळ शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते.

मतदानाच्या दिवशी मात्र ह्या सर्व दुरुस्त्या पूर्ण असण्याची गरज नाही. २०२४च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांत आयोगाने मतदार-ओळखपत्राखेरीज आधारपत्र, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँक वा टपाल खात्याचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद इ. बारा पर्यायी पुरावे मान्य केले होते. ओळखपत्रावरील किरकोळ विसंगती, ओळख पटत असल्यास, दुर्लक्षित कराव्यात, असाही आयोगाचा आदेश होता. दुसऱ्या मतदारसंघात मिळालेले ओळखपत्रही चालते. अपरिहार्य अट एकच : यादीत नाव असले पाहिजे. घरोघरी दिली जाणारी मतदार-माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी चालत नाही, हे पुष्कळांना केंद्रावर गेल्यावरच कळते.

कागदांचा परस्परमेळ : नावांतील विसंगतीचा खरा धोका मतदानकेंद्रावर नसून यादी तयार होताना आहे. मुंबई व दिल्ली येथील काही वस्त्यांतील मतदारांना नागरिकत्वाचे पुरावे मागून त्यांची नावे वगळण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असा निर्णय दिला, की नाव आधीपासून यादीत असल्यास ते योग्य चौकशीनंतरच घातले गेले असे गृहीत धरले पाहिजे आणि ते वगळण्यापूर्वी मतदारास नोटीस व म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. २०१५ मध्ये मतदारयादी व आधार क्रमांक ह्यांची सांगड घालण्याचे काम आयोगाने सुरू केले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्टमधील आदेशानंतर ते थांबविण्यात आले. २०२१च्या दुरुस्ती कायद्याने ही सांगड ऐच्छिक स्वरूपात पुन्हा आणली व आधार क्रमांक देता न आल्याच्या कारणास्तव नाव वगळता येणार नाही, असेही त्यात नमूद केले. दोन यंत्रसंग्रहांची तुलना करताना यंत्राला ‘वामन’ व ‘वामनराव’ हे दोन पुरुष वाटतात. ४९-एच ह्या नियमातील केंद्राध्यक्षाची सहृदयता यंत्राला शिकविलेली नसते.

२०२५ मध्ये बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल पडताळणी झाली. २००३च्या यादीत ज्यांची नावे नव्हती त्यांच्याकडून अकरांपैकी एखादा कागद मागण्यात आला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखीपुरता आधारपत्राचा त्यांत समावेश करावयास सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मोहीम आणखी बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झाली. त्यांत गोव्याचा समावेश होता, महाराष्ट्राचा नव्हता. जुन्या यादीतील माता-पित्यांच्या नावाशी स्वतःचे नाव जोडून दाखविण्याची ही पद्धत सासरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांना विशेष जाचक ठरते, हे उघड आहे. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी नोंदणीतील ‘सिनाय’, ‘पोरोबो’ ह्यांसारखी आडनावे आणि त्यांची शेणवी, प्रभू ही देशी रूपे अशी दुहेरी परंपराच आहे. तेथे नाव व आडनाव बदलण्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे.

परदेशांतही हा प्रश्न अपरिचित नाही. उत्तर आयर्लंडमध्ये २००३ पासून छायाचित्रयुक्त ओळखपत्र आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये ते मे २०२३च्या स्थानिक निवडणुकांपासून लागू झाले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अर्जावरील नाव सरकारी दप्तरांतील नावाशी तंतोतंत जुळावे, अशी अट होती. २०१८च्या निवडणुकीपूर्वी तेथे सुमारे ५३,००० अर्ज प्रलंबित असल्याचे उघडकीस आले. नावातील एखादे जोडचिन्हही ह्याला पुरेसे होई.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये असा निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावाची नोंद शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ह्या क्रमाने व्हावी. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत स्वतःचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धत कायम राहिली. मालमत्तेच्या कागदांत विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा मात्र त्यांना देण्यात आली. सध्याचे अर्हता दिनांक कायम राहिल्यास, नव्या पद्धतीने नोंदलेली पहिली मुले १ जुलै २०४२ ह्या दिनांकास मतदार होतील. त्यांच्या नावात चार घटक असतील. त्यांच्या आयांच्या नावांत, बहुतेक ठिकाणी, तीन.